लगतचा भाग

दर बुधवारी, तेर्स संपल्यावर,
चोडणच्या कपेलाच्या मागच्या खोलीत
आम्ही बायबलातलं एकेक पुस्तक वाचून काढतो.
प्रत्येकाच्या वाट्याला एक अध्याय, सुटका नाही.
वीस माणसं, सतरा चष्मे,
डासांसाठी धुमसणारी नारळाची सोडणं.

त्यांच्या हातात रोमी लिपीतली कोंकणी,
माझ्या हातात माहेरचं, मिरजेचं मराठी,
आजोबांच्या इस्पितळाचा शिक्का असलेलं.
एकोणीस वर्षं झाली लग्नाला,
अजून माझं आमेन
त्यांच्यापेक्षा अर्धा श्वास उशिरा येतं.

या महिन्यात पडक्या तटाचं पुस्तक.
तिसरा अध्याय कुस्तोदला आला.
ज्योकिना म्हणाली, अरे, यात नुसती नावं,
सोड, पुढचं घे.
पाद्रींनी मान हलवली. नाही.

कुस्तोद मानशीवर असतो.
भरतीला दार लावतो, ओहोटीला उघडतो,
खारं पाणी शेतात शिरू देत नाही.
अक्षरांशी त्याचा संबंध सहीपुरता.
बोट ठेवून निघाला.
अमक्याचा मुलगा तमका, त्यानं इथून तिथवर बांधलं.
त्याच्या लगत दुसरा.
त्याच्या लगत, थांब, हं, त्याच्या लगत तिसरा.

कोणीतरी पंखा बंद केला.
आम्हाला बांध दिसायला लागला होता.
सांजांवच्या आठवड्यात फुटलेला, बावीस पावलं.
रात्रभर चिखल हातोहात गेला.
पदेर इनास, त्याच्या लगत
शाळेची बस चालवणारा लुदोविक,
त्याच्या लगत वरच्या वाड्यावरचा विठू गावस,
कमरेइतक्या पाण्यात, दातांत बॅटरी धरून.

मग एक वचन आलं :
तिथल्या बड्या लोकांनी मात्र खांदा दिला नाही.
कुस्तोदनं ते दोनदा वाचलं.
मुद्दाम नव्हे, ओळ चुकली म्हणून.
पहिल्या बाकावर डॉक्टर आर्मांद खोकले.
त्या रात्री त्यांच्या बल्कांवातला दिवा
आम्हाला चिखलातून दिसत होता.

त्याच्या लगत सोनार.
त्याच्या लगत अत्तरं करणारा.
अत्तरवाला, आणि गारा मळतोय!
लुदोविक फिसकन हसला, मग सगळेच,
डॉक्टरही, जरा उशिरा, माझ्या आमेनसारखे.

साडेआठला कुस्तोदनं घड्याळ बघितलं.
भरती.
बोट होतं तिथं माझं बोट ठेवायला लावलं
आणि चपला शोधत गेला.

पुढचं मी वाचलं, माझ्या मराठीतून.
एकानं आपला भाग दुरुस्त केला,
सोबत त्याच्या मुली.
पिएदाद मावशीनं जपमाळ थांबवली.
मुलींची नावं?
दिलेली नाहीत, मावशी.
बापाचं आहे?
आहे.
आणि बापाच्या बापाचं?
तेही आहे.
हूं, म्हणाली. एवढंच.
त्या रात्री डोक्यावरून माती वाहणाऱ्यांत
ती होती, तिच्या दोघी होत्या,
एक आता कुवेतला भांडी घासते.

वचनं उरली, पुढच्या बुधवारी.
घरी येऊन मी शिसपेन्सिल शोधली.
समास अरुंद, कागद जुना, पलीकडे उमटणारा.
पिएदाद लिहिलं. फिलू लिहिलं.
धाकटीला सगळे बाय म्हणतात,
बाप्तिस्म्याचं नाव मला ठाऊक नाही.
सकाळी पाव घ्यायला जाईन तेव्हा विचारीन.