मोंढ्यामागचं मैदान

रूबेन खंडागळेचे केस त्या वर्षी एकदम फुगले.
मी त्याचा अँप्लिफायर दुरुस्त करणारा,
तेरा वर्षं त्याचे व्हॉल्व्ह बदलत आलेला मिस्त्री,
मला केसांशी काय करायचं होतं?
पण केसांमागोमाग किबोर्ड आला,
किबोर्डामागोमाग तो वाजवणारा पोरगा,
आणि पोरग्यामागोमाग शिट्टी गळ्यात घातलेला मॅनेजर.

त्याआधीचा रूबेन असा:
जालन्यात मिशन हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये
ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांना पाठ लावून
एकाच सुरावर चिकटून बसलेला, घोरपडीसारखा.
स्पीकरचा कागद मी ब्लेडनं चिरून दिलेला.
त्याला तोच हवा होता, फाटका आवाज.
तो घुमला की भिंतीवरच्या पाली पटापट खाली पडायच्या.
वॉर्डातून सिस्टर मार्थाचा निरोप यायचा:
"कालच टाके घातलेत, उसवतील."
ऐकणारे मोजून अकरा.
त्यातला वॉचमन ठार बहिरा.
तो म्हणायचा, छातीत कळायलंय, तू वाजव.

"मिस्त्री," रूबेन एका रात्री म्हणाला,
गिटार पुसता पुसता, माझ्याकडे न बघता,
"अकराच माणसांत म्हातारा व्हायलोय मी."
मी सोल्डरचा धूर फुंकत बसलो.
उत्तर असतं तर दिलं असतं.

मग बियाण्याची कंपनी आली.
सरकीच्या पाकिटावर रूबेन, हवेत उडी मारलेला,
पायाखाली फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं.
मॅनेजरनं घड्याळ लावून सोलो मोजला. सात मिनिटं.
म्हणाला, वीस सेकंद.
त्यापुढं लोक बिडी ओढायला उठतात.
नव्या गाण्यात शब्द चार,
त्यातले दोन "ओ हो".

मी भांडलो नाही. मी नवीन कागद लावला स्पीकरला,
अखंड, गुळगुळीत, कुठंही न चिरलेला,
आणि बिल नेहमीपेक्षा जास्त लावलं.

मोंढ्यामागचं मैदान. सन शहाऐंशी, मार्च.
परतूर, बदनापूर, अंबडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या,
बारदानावर बायका, हमालांच्या खांद्यांवर पोरं,
बर्फाच्या कारखान्यातून आणलेला धूर,
आणि वर दोरीला बांधलेला बोंडाएवढा
नाही, खोलीएवढा फुगा.
रूबेनच्या जाकिटावर इतक्या टिकल्या
की किडे दिव्याला सोडून त्याच्यावर आले.

दुसऱ्याच ओळीला हात वर गेले.
कुणी शिकवलं होतं त्यांना हात वर करायला?
तिसऱ्यांदा "ओ हो" आलं
आणि लाइट गेली.

जनरेटरही मेला. मी बॅटरी दातांत धरून
केबलीच्या गुंत्यात आडवा.
मला वाटलं, आता दगड येणार.
दगड आले नाहीत.
"ओ हो" आलं.
अंधारातून, ट्रॉल्यांवरून, मुतारीच्या भिंतीमागून,
बेसूर, पुढं-मागं, एकमेकांना ओढत,
आणि माझं तोंड तर बॅटरीनं भरलेलं,
तरी नाकातून तेच निघत होतं,
माझ्याच, त्या गाण्याला शिव्या घालणाऱ्या नाकातून.

मी फ्यूज बसवला. उजेड झाला.
नेमकी सोलोची जागा.
रूबेनचा हात तारांवर होता आणि हलत नव्हता.
पोरगा किबोर्डवरून खुणा करायला लागला,
मॅनेजरनं शिट्टी तोंडात धरली.
वीस सेकंद तो नुसता ऐकत उभा राहिला,
तोंड उघडं ठेवून.

रात्री दोनला टेम्पोत, सामानावर आम्ही दोघं.
त्यानं मांडीवर गिटार घेतली, वायर नाही, वीज नाही,
आणि शेडमधलं ते जुनं, सात मिनिटांचं, सुरू केलं.
विजेविना त्या गिटारचा आवाज डासाएवढा.
मी लाकडाला कान लावला.
खड्डे, डिझेलचा वास, आत कुठंतरी तो लांब सूर.

"कसं वाटायलंय?" त्यानं मध्येच विचारलं.
"जरा लांबलंय," मी म्हणालो.

तो हसला का, दिसलं नाही.
वाजवणं मात्र थांबवलं नाही त्यानं.
सकाळी दाढी करताना पाहिलं,
माझ्या कानाच्या पाळीला
त्याच्या जाकिटाची एक टिकली चिकटलेली.