मंगळवारची किल्ली

दवाखान्यातल्या नर्सने यादी दिली होती,
झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पाणी घातलेल्या दुधासारखी.
किनाऱ्यावरची सात गावं, सात वार,
त्यातल्या चारांवर काट.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
एकवीस हिवाळे मी बर्फ उपसायची गाडी चालवतोय.
कुणाचा रस्ता कुठे वळतो,
कुणाचा टपालाचा डबा दरवर्षी माझ्या पात्याखाली येतो,
झोपेतसुद्धा सांगेन.
हे एक दार मात्र सापडेना.

पहिल्या मंगळवारी शिरलो तो गोधड्या शिवणाऱ्या बायकांत.
सहा जणी. सहा सुया एकदम थांबल्या.
गटाराचं झाकण बघायला आलोय, मी म्हणालो.
एकीने चष्म्यावरून पाहिलं.
"ते समोरच्या चर्चच्या तळघरात असतं, बाळा. मागच्या दाराने."
ती गटाराबद्दल बोलत नव्हती
हे दोघांनाही कळलं.

पुढच्या मंगळवारी मागचं दार. कुलूप.
यादीत आठ, दारावर साडेसात, आत अंधार.
इंजिन चालू ठेवून बसून राहिलो,
आणि मग व्हायचं ते झालं.
दारूचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं,
हे यादीत नसूनही पाठ होतं.

तिसऱ्या खेपेला दिवा दिसला.
बिंगोचे तक्ते, नाताळच्या देखाव्यातली
एका कानाची मेंढी,
भिंतीला टेकलेल्या घडीच्या खुर्च्या, दोनच उघडलेल्या.
एकीवर ड्रुसिला पार्डी, वय एकोणऐंशी.
"बाकीचे?"
"तू," ती म्हणाली.

फेब्रुवारीपासून ती दर मंगळवारी
दोन खुर्च्या मांडायची, किटली चढवायची,
तासभर बसायची, आणि दुसरी खुर्ची
तशीच पुन्हा मिटून ठेवायची.
"मागच्या आठवड्यात दाढ काढली.
तेवढा एकच मंगळवार चुकला."
तेवढाच एक! मी हसलो.
मग हसूच कुठेतरी वळण चुकलं
आणि मी त्या मेंढीकडे बघत
बराच वेळ रुमाल शोधत राहिलो.

उपदेश तिने केला नाही.
दुकान टाळायचं तर दीपगृहाकडून वळसा घाल, म्हणाली,
अकरा किलोमीटर जास्त पडतात.
आणि सांगितलं, नवरा बुडाला त्या वर्षी
ती व्हॅनिला इसेन्ससुद्धा प्यायली,
केकसाठी आणलेल्या बाटल्या, सगळ्या.
नातवाचा केक झाला नाही,
ते तिला अजून लागतं.

माझं नाव लिएंडर, मी म्हणालो,
आणि पुढचं वाक्य अडलं,
बर्फाखालच्या खडकाला पातं अडावं तसं.
"पुढच्या मंगळवारी म्हण. चहा निवतोय."

म्हणालो. कितव्या मंगळवारी, ते सांगत नाही.

जानेवारीत तिच्या खुब्याचं हाड मोडलं.
शहरातल्या इस्पितळातून किल्ली आली,
त्याच चष्मेवालीच्या हातून,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली.
चिठ्ठी नव्हती. मोजाही एकच.

आज वारा असा, की रस्ता उपसावा
आणि मागे बघावं तर रस्ता नाही.
चर्चचं मागचं दार मी मोकळं केलं,
सरकारी गाडीने, सरकारला न विचारता.
दोन खुर्च्या. किटली.
साडेसात. आठ.
माझं वाक्य मी मेंढीलाच म्हणून दाखवलं.
तिला एक कान आहे. तेवढा पुरला.

साडेआठला पायऱ्यांवर बूट झटकल्याचा आवाज.
एक पोरगी, अंगात खेकड्यांच्या कारखान्याचा कोट,
दार अर्धंच उघडून:
"गोधड्यांचा वर्ग इथेच का?"

ना सुई, ना चिंधी. हात खिशात.
समोरच्या हॉलमध्ये असतो, मी सांगणार होतो,
आज वादळ म्हणून बंद.
पण तिच्यामागे, उजेडात,
ताज्या बर्फात पावलं उमटली होती
आणि ती हॉलकडून आलेली नव्हती.

"पाणी उकळलंय," मी म्हणालो.
"दार लोट. वारा आत येतोय."