विटेची रेघ

शनिवारी सकाळी फाटक मी उघडते.
किल्ली गावच्या कचेरीची, कुलूप फ्रोइलानच्या गोठ्यावरचं.
टेकडीला नाव नाही, नुसता आकडा: चारशे बारा.
तोही तोफखान्याच्या नकाशावरून आलेला.
त्याआधी तोर्रेसेकाच्या म्हाताऱ्या हिला
बोडकी म्हणायच्या, एवढंच.

वर जायला चाळीस मिनिटं.
बदामाच्या ताली संपल्या की वाट संपते,
उत्तरेचा सिएर्सो कानाखाली वाजवतो
आणि पाहुणे गप्प होतात.
मला वाटायचं, आदरानं.
नाही. वाऱ्यानं.

मग खंदक. छातीइतका खोल, नागमोडी,
चालता चालता कुणी विचार बदलावा तसा.
शाळेची पोरं आधी उडी मारतात आत.
मारू देते.
इथं राहिलेले बरेचसे
त्यांच्याहून फार थोराड नव्हते.

दर हिवाळ्यात भिंत ढासळते.
ओल गोठते, फुगते, दगड जागा सोडतो,
रानडुकरं कंद उकरत येतात,
आणि मार्चमध्ये आम्ही सात-आठ जण
तेच दगड उचलून पुन्हा रचतो.
चुना नाही, सिमेंट नाही,
बसेपर्यंत दगड हातात फिरवत राहायचा.
फ्रोइलान म्हणतो, प्रत्येक दगडाला तोंड असतं,
ते कुठं बघतंय, एवढं ओळखायचं.

सारागोसाहून पुरातत्त्वाच्या बाई आल्या,
पहिल्याच वर्षी त्यांनी अट घातली:
जुनं कुठं संपतं ते दिसलं पाहिजे.
म्हणून मध्ये विटेच्या कपच्यांची रेघ,
बोटभर जाड, तांबडी.
रेघेखालचं त्यांचं, वरचं आमचं.

त्यांचं म्हणजे कुणाचं?
एका मुलीनं विचारलं.
मी फ्रोइलानकडे बघितलं.
त्याच्या बापानं हा खंदक खणला.
समोरच्या कड्यावरून
त्याचा मामा गोळ्या झाडत होता.
पुढं तीस नाताळ दोघं एका टेबलावर जेवले,
मीठ हवं असलं तरी
मधल्या माणसाकडे मागायचे.
मधला माणूस फ्रोइलान.
वय वर्षं सहा.

हे त्यानं मुलीला सांगितलं नाही.
म्हणाला, बाळ, हात घाल,
खालचा दगड जास्त गार लागतो की नाही बघ.

मग पवनचक्क्यांची कंपनी आली.
माथ्यावर तीन पाती, वर जायला डांबरी सडक,
भाड्याच्या पैशात शाळेचं छप्पर,
ओब्दुलियाच्या मुलाला पहारेकऱ्याची नोकरी.
मी विरोधात बोलले. छान बोलले, असं सगळे म्हणाले.
मतदान झालं: एकतीस आणि एकोणतीस.
टेकडी वाचली.
त्या संध्याकाळपासून बारमध्ये
खिडकीकडची टेबलं वेगळी, भट्टीकडची वेगळी.
ओब्दुलिया मला पाव देते अजून,
पैसे हातात घेत नाही,
बोटानं फळी दाखवते: तिथं ठेव.

मुलगा तारागोनाला गेला, बंदरात आहे म्हणे.
शाळेत पाऊस आला की आम्ही बादल्या मांडतो.

यंदा मार्चला चौघंच आलो.
आणि पूर्वेकडचं वळण, तिथं जिथं
दौत सापडली होती, शाई वाळून काळी काच झालेली,
ते सगळंच्या सगळं बसलेलं.
रेघेसकट.
खालचे दगड, वरचे दगड, एकच ढीग,
सगळ्यांवर तीच शेवाळाची बुरशी.

बाईंना फोन लावला. म्हणाल्या,
फोटो आहेत, ताडून बघा.
फोटो काढले. उन्हात मोबाइल दिसेना.
फ्रोइलान गुडघे टेकून बसला,
एक दगड उचलला, फिरवला,
पुन्हा फिरवला, तोंड शोधत.

मी शेजारी उभी,
ओंजळीत विटेच्या कपच्या,
रेघ कुठं घालायची ते
तो सांगेल म्हणून.