सूची

प्रोफेसर रेयना अल्बोहेर यांचं पुस्तक
सातशे बारा पानांचं.
माझं काम शेवटच्या वीस पानांपुरतं:
कोण, काय, कितव्या पानावर.
वाचायचं नाही, नोंदायचं,
असं पंचवीस वर्षं मी स्वतःला बजावत आलेय.
याआधी सूची केली ऑलिव्हवरच्या किडीची,
बायझंटाइन नाण्यांची,
मूत्रपिंडाच्या विकारांची.
सूचीला गहिवर नसतो, स्वल्पविराम असतात.

अफवा,
  विहिरीत विष कालवल्याची, ४१
  लेकराच्या रक्ताची, ४४–५२
  तीच, दुसऱ्या गावात, १३०
  तीच, नव्या छापखान्यात, ३८८

एका खोट्याला एवढी पानं?
मी फोन केला.
बाई म्हणाल्या, खऱ्याला एक घर असतं,
खोटं भाड्याने राहतं,
दर काही वर्षांनी बिऱ्हाड बदलतं.

गोदी,
  शनिवारी बंद, २०३
  हमाल, त्यांची जुनी स्पॅनिश, २०४–११
  शिव्या, २०९

दोनशे नऊवर मी थबकले.
यातली तिसरी शिवी माझ्या वडिलांची.
जाळं गुंतलं की तीच द्यायचे,
अस्सल ग्रीक समजून.

ज्यूद्वेष,
  सर्वत्र

इतकंच लिहून मी पाठवलं होतं.
बाईंनी लाल पेन्सिलीने खोडलं.
समासात बारीक अक्षर:
सर्वत्र म्हणजे कुठेच नाही, एव्दोकिया.
पानं लिहा.
लिहिली. तीन रात्री लागल्या.
नोंद दोन रकान्यांत मावेना.

दफनभूमी,
  जुनी, शहराच्या पूर्वेची, ५३३–६१
  दगडांचं वाटप, ५४०
  पोहण्याच्या हौदाला, ५४४
  चर्चच्या अंगणाला, ५४५
  विद्यापीठ, तिच्यावर उभं, ५५०
  खासगी घरांना, ५५२, तळटीप

तळटीपेत गल्ल्यांची नावं होती.
चौथी आमची.

आमच्या मागच्या दारी संगमरवरी फरशी होती.
वडील तिच्यावर ऑक्टोपस आपटायचे,
चाळीस वेळा, मऊ होईपर्यंत.
मी मोजायचे.
मोजता मोजता कडेच्या खाचांतून बोट फिरवायचे.
मला वाटायचं, नक्षी आहे.

नियम मला तोंडपाठ आहे:
गौण उल्लेखाची तळटीप
सूचीत घेऊ नये.
गौण.
हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवला,
बोराच्या आठळीसारखा.
गिळवेना, थुंकवेना.

रात्री भावाला फोन केला.
स्त्रातिस, ती फरशी आहे का रे अजून?
आहे की. गॅसचा सिलिंडर ठेवलाय तिच्यावर.
का गं?

संगमरवर,
  पाहा दफनभूमी

रविवारी गेले.
सिलिंडर सरकवला. वाटीभर पीठ घेतलं,
खाचांमध्ये हाताने घासलं.
अक्षरं वर आली, पांढरी,
उजवीकडून डावीकडे.
स्त्रातिस दारात उभा, हातात कॉफी.
पीठ कशाला वाया घालवतेस, म्हणाला,
मग गप्प झाला,
मग कॉफी खाली ठेवून
पिठाचा डबाच घेऊन आला.

फोटो बघून बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ‘कन्या’ एवढंच उरलंय.
कुणाची, ते तुटलेल्या तुकड्यावर असणार.
वर्षही नाही.
मी विचारलं, हिला घेऊ सूचीत?
पुस्तकात नाही ते सूचीत घेता येत नाही,
तुम्हीच शिकवलंत मला, म्हणाल्या.
आणि जरा थांबून:
छपाई सोमवारी आहे.
पाचशे बावन्नची तळटीप एका ओळीने वाढवते.

ती ओळ कोणत्या अक्षराखाली लावायची,
अजून ठरत नाही.
नाव नसलेल्या मुली
कुठल्याच वर्णक्रमात बसत नाहीत.

मघाशी स्त्रातिसचा निरोप आला.
तो दगड त्याने धुऊन भिंतीशी उभा केलाय,
पावसाने भिजू नये म्हणून वर पत्रा टाकलाय.
खाली विचारलंय,
आता सिलिंडर कुठे ठेवू?