शिवणीतली माया

डर्बनला डिसेंबरात उकडतं.
रस्त्याच्या कडेला लिचीच्या पिशव्या घेऊन पोरं उभी,
आणि तिसऱ्या मजल्यावर, बंद दोन दारांच्या आत,
ब्योंगेकिले डाग मोजते.

एकेका खाचेत पेशींचा पातळ थर,
त्यावर नवा विषाणू,
आणि कुणाच्या तरी रक्तातला पिवळसर द्रव,
पंचवीस पट पातळ, मग पन्नास, मग शंभर.
डाग नाही म्हणजे लस लढली.
डाग आहे म्हणजे
मोजा.

मागच्या विषाणूपुढे शंभराची खाचही स्वच्छ होती.
आज पंचविसातच गोवर उठल्यासारखं.
ती चष्मा पुसून पुन्हा मोजते.
आकडा काही लाजत नाही.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक.
पण सतरा कोण हे तिला ठाऊक आहे.
ठाऊक असू नये, पण त्या दिवशी दंड चोळत
आई फोनवर म्हणाली होती,
"माझ्यापुढे सोळा जण होते गं रांगेत."

आई, म्हणजे कारखान्यातली मान्टुली,
तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती.
बटण अर्धं बोट सरकलं
की काज जागच्या जागी असून फुकट.
विषाणूनं तेच केलंय.
तीसेक बटणं सरकवलीत.

रात्री फोन.
"काय निघालं?"
"सांगता येत नाही, आई."
"म्हणजे वाईट."
पलीकडे मशिन थांबलं.
"जानेवारीत शाळा उघडते तेव्हा
गणवेश बसतो का कुणाला नेमका?
मनगटं वाढलेली, गुडघे वाढलेले.
म्हणून मी आत माया सोडायची. दोन बोटं.
बाहेरून दिसत नाही.
उसवून सोडायला वेळ लागतो,
पण पोर उघडं पडत नाही."

ती माया कुठे असते, ब्योंगेकिलेला माहीत आहे.
मज्जेत, प्लीहेत, काखेतल्या गाठींत.
डागांच्या थाळीला ती दिसत नाही.
तिला दुसरी थाळी, दुसरं यंत्र, आणखी तीन आठवडे,
आणि तेवढं थांबायला
विषाणूला कुणी सांगितलेलं नाही.

नाताळच्या आधी सतराला ताप आला.
चार दिवस खोकली, शेजारणीवर खेकसली,
पाचव्या दिवशी बसून उशीचा अभ्रा शिवला,
वाकडा.

अहवालात ब्योंगेकिलेनं लिहिलं:
संरक्षण घटले आहे.
मग खालच्या ओळीत: संपलेले नाही.
साहेबांनी विचारलं, नक्की काय ते एक लिहा ना.
तिनं दोन्ही ठेवली.

एकतीस क्रमांकाचं मूत्रपिंड दुसऱ्याचं होतं,
ते टिकवणाऱ्या गोळ्या त्याची सगळी शिवण कुरतडत होत्या.
लस त्यानंही घेतली होती. तीनदा.
त्याच्या थाळीत पहिल्यापासून डागच डाग.

पुढच्या फेरीला एकतीस आला नाही.
यादीत एक रिकामा चौकोन.
फ्रीजरमधली त्याची जुनी नळी
तिनं तीस आणि बत्तीसच्या मधे परत लावली,
सरकवून जागा भरता आली असती
तरी.