नारकंड्याला एक गाठ

जून-जुलै होड्या वर ओढलेल्या,
हर्णैचा बर्फ-कारखाना बंद.
वर्षातले एवढेच एकसष्ट दिवस
माझे कान रिकामे असतात.

रेवतीने हिमालय याच दिवसांत बसवलाय.
जेवणाच्या टेबलावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या,
आणि रत्नागिरी स्टेशनापासून सोडलेला
निळा नायलॉनचा दोरा.

चंदीगडपर्यंत दोरा गुमान जातो.
(दहा जूननंतर पावसाळी वेळापत्रक,
चार तास उशीर आधीच धरलेला.)
पुढे त्याला वळणं सोसत नाहीत,
सतलजच्या काठावरून सारखा घसरतो.

नारकंड्याला एक गाठ.
कल्प्याला दोन.
नाकोला डोकं दुखलं तर खाली उतरायचं,
वाद घालायचा नाही.
ताबो, काझा, मग लांगझा.
गाठ मारण्याआधी ती दोरा जिभेने ओला करते,
पाजपंढरीतल्या सगळ्या बायका करतात तसा.

उंची मीटरात लिहिलेली. आमच्या अंगाला ती लागेना.
लतीफ तांडेल चहाला आला होता,
त्याने बोटांवर हिशेब केला:
लांगझा, दोन हजार चारशे वाव.
"एवढ्या खोल आपल्यातल्या कुणी जाळं सोडलं नाही.
आणि तिथे माणसं राहतात?"
"मटार पिकवतात," रेवती म्हणाली,
आणि त्याच्या बशीत खारी ठेवली.

मी चौतीस वर्षं बर्फ केला.
मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे,
अठ्ठेचाळीस तासांत दीडशे किलोची लादी.
फोडली, दळली, सुरमईच्या पोटात भरली.
वीजबिलाशिवाय गोठलेलं काही
अजून पाहिलेलं नाही.

दापोलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो
खिडकीकडे धरला.
अमोनियाने आतून कडा कुरतडल्यात म्हणाले.
कल्प्यापर्यंत जा, हौस आहे तर.
त्याच्या वर नाही.

मी घरी काही बोललो नाही.
कागद शर्टाच्या खिशात राहिला.
कपडे धुते ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर
दोऱ्याला फाटा फुटलेला.
निळा वर गेला होता, रेवती आणि तिची मावसबहीण वासंती.
कल्प्याला एक हिरवा तुकडा,
सहा गाठी, एकाच ठिपक्यावर,
एकीवर एक.
"याच वाटेने परत येऊ," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली,
"तुला घेऊनच उतरू."
फोडणी जरा जास्तच तडतडली त्या दिवशी.

लांगझ्याच्या दगडांत म्हणे शंख आहेत,
समुद्र होता तिथे कधीकाळी.
ते उचलायचे नाहीत, बघायचे फक्त.
तर ही इथून नेणार आहे
कालच्या कालवणातली तिसऱ्याची एक शिंपली,
तिथे ठेवून द्यायला.
"सापडू दे कुणा शहाण्याला.
बसेल डोकं खाजवत."
एकटीच हसली, बराच वेळ.

लतीफला माझी काळजी.
सहा दिवस खोलीत करणार काय तू?
समोर कैलास आहे, म्हटलं,
खिडकीतून दिसतो, दिवसभर रंग बदलतो म्हणतात.
त्याला पटलं नाही.

पण पाणी गोठेपर्यंत बसून राहणं
एवढं एकच काम मला नीट येतं.
सहा दिवस, म्हणजे
तीन लाद्या.