हाकेला ओ

सारेमा बेटावर, जुनिपरच्या झुडपांत एक पांढरी खोली आहे.
दार उत्तरेला, म्हणून हिवाळ्यात आधी फावडं, मग किल्ली.
आत एक कपाट, दोन पंखे,
त्यातला एक माझ्याहून वयाने मोठा,
आणि खिळ्याला हेल्दुरचा लोकरी हातमोजा. एकाच हाताचा.

मला शिकवलं तेव्हा तो निवृत्तीला टेकला होता.
बोलताना अडखळायचा, 'व'वर तर फारच.
माझं नाव विर्वे,
म्हणून तो मला पोरी म्हणायचा.

"ही खोली दर अर्ध्या मिनिटाने आपलं नाव सांगते, ठिपके-रेघांत.
बाकी, वि-विचारलं तरच बोलते.
विमान हाक मारतं, ही ओ देते.
त्याआधी थोडं थांबते:
सेकंदाचे दहा लाख तुकडे कर, त्यातले पन्नास.
तेवढं वजा केलं की उरतं ते अंतर."

मी म्हटलं, शंभर विमानं एकदम हाका मारतात,
ओ सगळ्यांना सारखीच.
मग आपली कुठली?
तो कपाटाकडे बघत राहिला.
"प्रत्येक जण अडखळत वि-विचारतो. मुद्दाम.
दोन हाकांमधली फट कधीच सारखी नसते.
ज्याचं अडखळणं त्याला पाठ.
त्याच चालीने परत येतं, ते त्याचं."

पुढे ताल्लिनहून पत्र आलं.
खर्च, सुटे भाग, उपग्रह आहेतच.
वर्षअखेर खोली बंद.
पत्र मी हातमोज्यात खोचलं.

फेब्रुवारीत एका रात्री कुणी तरी
आभाळभर खोटं पसरलं.
कोण, ते आम्ही चहाच्या वेळी बोलतो,
कागदावर लिहीत नाही.
संध्याकाळचं छोटं विमान, अकरा माणसं, टपालाची एक पिशवी;
पडद्यावर ते भर समुद्रात उभं होतं,
वेग शून्य.
मारित वैमानिक. नंतर म्हणाली,
मी पडद्यावर तळहात ठेवला,
खोटं बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवावा तसा.

तिच्याकडे उरली दोन अंतरं,
एक माझ्या खोलीपासून, एक पलीकडच्या किनाऱ्यापासून.
दोन वर्तुळं दोन जागी छेदतात.
त्यातली आपली जागा कुठली, ते होकायंत्राला विचारायचं,
घड्याळाला विचारायचं,
आणि तरी थोडं घाबरायचं.

मी तेव्हा खोलीतच होते, म्हातारा पंखा उतरवत.
बर्फ पडत असला की वरचं काही ऐकू येत नाही.
फक्त हाकांचा आकडा चढला. एकदम.
विमान चाचपडत असलं की घाईघाईने विचारतं,
श्वास न घेता,
आहेस का आहेस का आहेस का.
पेचकस हातात तसाच धरून मी उभी.
मग आकडा उतरला.
उतरला, आणि टिकला.
सापडली की ओ, विमान सावकाश विचारू लागतं,
घरातल्या घरात विचारावं तसं.

खोलीला मुदतवाढ मिळाली, एक वर्षाची.
तेवढी बातमी घेऊन मी हेल्दुरच्या स्वयंपाकघरात गेले.
त्याने आधी विचारलं, पंखा कुठल्या कंपनीचा बसवलास.
मग बराच वेळ बशीशी खेळत राहिला,
आणि ओठ जुळवून माझं नाव घेऊ लागला.
व, व
मी थांबले.
खिडकीबाहेर शेजाऱ्याची मेंढी कुंपणाचं बर्फ चाटत होती.
व
"पोरी," तो म्हणाला, "चहा गार होतोय."